मदत हवी आहे: एकाच ग्रेडचं बीफ, तरी एक तुकडा मऊ आणि दुसरा चिवट का?

नमस्कार मंडळी,

मी मांस तंत्रज्ञान शिकते आहे. कार्कसच्या (कापून साफ केलेल्या अख्ख्या जनावराच्या) ग्रेडवरून मांस खायला कसं लागेल हे कितपत कळतं, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. आठवडाभर एकाच जागी अडकले आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, पद्धतीत बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये काप देऊन तिथलं मार्बलिंग, म्हणजे स्नायूच्या आत पसरलेली चरबी, बघतात, जनावराची प्रौढता बघतात, आणि प्राइम, चॉइस, सिलेक्ट वगैरे ग्रेड देतात. युरोपातली ईयूआरओपी पद्धत अंगाची ठेवण आणि चरबीचा थर एवढंच बघते, म्हणजे ती चवीसाठी नाहीच.

माझ्याकडे पाठीच्या स्नायूचे दोन नमुने आहेत. दोन्ही चॉइस, मार्बलिंग सारखं, जनावरं तरुण, शिजवणंही एकाच तापमानाला. तरी शिअर फोर्स चाचणीत (मांस कापायला किती जोर लागतो ते मोजतात) एकाला दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट जोर लागला! चिवट निघालेल्या कार्कसवर चरबीचा थर अगदी पातळ होता आणि ते लगेच शीतगृहात गेलं होतं, एवढी नोंद सापडली. यामुळे इतका फरक पडेल का? नमुना आणखी मुरवला, म्हणजे थंडीत आणखी काही दिवस ठेवला, तर मऊ होईल का? कृपया सांगा, मनापासून शिकायचं आहे.

उत्तर १

पडेल, नक्की पडेल. जनावर कापल्यावर स्नायूचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरत जातो. तो ६ च्या खाली येण्याआधीच स्नायू १० अंश सेल्सिअसखाली गेला, तर तंतू आखडतात. यालाच कोल्ड शॉर्टनिंग म्हणतात. चरबीचा थर पातळ असला की कार्कस भराभर गार होतं, म्हणून तुमचा संशय रास्त वाटतो. मुरवताना कॅल्पेन हे एन्झाइम तंतूंतली प्रथिनं तोडतं खरं, पण आखडलेल्या मांसात त्याचा उपयोग फारसा होत नाही.

मार्बलिंगने रसाळपणा आणि चव वाढते. मऊपणाचा थोडाच भाग त्याच्या हातात असतो. ऑस्ट्रेलियाच्या एमएसए (मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया) पद्धतीत म्हणूनच अख्ख्या कार्कसला एक ग्रेड न देता, प्रत्येक कटला (मांसाच्या भागाला) शिजवण्याच्या रीतीप्रमाणे वेगळा अंदाज देतात. त्यात पीएच, कार्कस कसं टांगलं, किती दिवस मुरवलं, हेही धरतात. मला तीच पद्धत खाणाऱ्याच्या बाजूची वाटते.

तुम्ही सार्कोमियरची, म्हणजे स्नायूतंतूतल्या आखडणाऱ्या सूक्ष्म घटकाची, लांबी मोजा. चिवट नमुन्यात ती स्पष्ट कमी आली, तर कारण सापडलं. अंतिम पीएचही तपासा.

धागाकर्ती

खूप आभार! दोन्हींचे गोठवलेले तुकडे शिल्लक आहेत. सोमवारी मोजते आणि आकडे इथेच टाकते.