म्हशीतला लिव्हर फ्लूक आणि मेंढीतला, कातडी वेगळी का दिसते?

खानापूरकर:
नमस्कार, बेळगावात एमएस्सी झूऑलॉजी करते. प्रोजेक्टला खाटीकखान्यातनं म्हशीच्या आणि मेंढीच्या लिव्हरमधले फ्लूक (चपटे जंत) आणलेत, दोन्ही एकाच जातीचे, फॅसिओला जायगँटिका. मायक्रोस्कोपखाली म्हशीतल्याच्या अंगावर काटे दाट, मेंढीतल्याचे जागोजागी गळलेले, कातडीपण फुगल्यासारखी. पोशिंदा जनावर बदललं की किड्याची कातडी बदलते का?

चिकोडीचा व्हेट:
ताई, मेंढीला जंताचं औषध पाजलेलं का ते आधी विचारून बघा की. ट्रायक्लाबेंडाझोलनं फ्लूकची कातडी फुगते, फोड येतात, काटे गळतात, अगदी तुम्ही सांगताय तसंच. दुसरं म्हणजे किडा मेल्यावर तसाच पडून राहिला तरी काटे सुटतात, म्हणून लिव्हर ताजं असतानाच किडे काढून कोमट सलाइनमध्ये धुवा आणि लगेच फॉर्मलीनमध्ये टाका. वयपण बघा, कोवळ्या फ्लूकचा काटा एकाच टोकाचा असतोय, पित्तनळीत मोठा झाल्यावर करवतीसारखा दातेरी होतोय.

धारवाडहून:
डॉक्टरांचं बरोबर आहे, पण प्रश्नपण चांगला आहे, सोडू नको. आपण कातडी म्हणतो ती मेलेली साल नाही, टेग्युमेंट म्हणजे जिवंत थर आहे, मधे पेशींच्या भिंतीच नाहीत, सगळा सलग, आणि न्यूक्लियस स्नायूंच्या थराच्याही खाली बसलेले. फ्लूक वरचा लेप सारखा टाकून नवा घालतो, त्यामुळं जनावराच्या अँटिबॉडी चिकटल्या तरी लेपाबरोबर निघून जातात. शिस्टोसोमा, म्हणजे रक्तनळ्यांत राहणारा फ्लूक, तर पोशिंद्याचंच सामान अंगावर घेतो. 1969 मध्ये स्मिदर्स, टेरी आणि हॉकली यांनी छोट्या उंदरात (माउस) वाढलेले हे किडे माकडात घातले, साध्या माकडात ते जगले, पण ज्या माकडांना उंदराविरुद्ध आधीच इम्युनाइज केलं होतं त्यांच्यात मेले, म्हणजे किड्याच्या अंगावर उंदराचे अँटिजेन (अँटिबॉडी ज्यांना ओळखतात ते रेणू) होते! मला हा प्रयोग फार आवडतो. शिस्टोसोमाची मॅन्सोनी ही जात मोठ्या उंदरात (रॅट) मात्र नीट वाढतच नाही, खुरटा राहतो, तेव्हा पोशिंद्याचा परिणाम खरा आहे, फक्त तुझ्या नमुन्यात तो आहे का हे अजून ठरत नाही. एकाच वयाचे, औषध न दिलेल्या जनावरांतले किडे घे, दोन्हीकडनं चार-पाच तरी जनावरं हवीत.

खानापूरकर:
मेंढीवाल्या मामांना फोन केला, विकायच्या चार दिवस आधी डोस पाजलेला म्हणाले. मेंढीचे नमुने बाजूला ठेवलेत, नवीन गोळा करते.

चिकोडीचा व्हेट:
आणि मामांना तेवढं सांगा, डोस दिलेलं जनावर लगेच कापायला द्यायचं नसतंय, औषध मांसात राहतंय. बाटलीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतंय, ते बघून घ्या म्हणावं.