गोरिला वाढले, पण श्रेय कोणाचं?

कडेपठार:
युगांडातलं ब्विंडीचं जंगल आणि विरुंगा पर्वतरांग मिळून पर्वतीय गोरिला हजाराच्या वर गेले. २०१८ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्यांना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून काढून 'संकटग्रस्त' वर्गात घातलं. तेव्हापासून जो तो 'लोकसहभाग' म्हणत सुटलाय. मला ते पटत नाही. गोरिला पाहायचा परवाना युगांडात परदेशी पर्यटकाला ८०० डॉलरला मिळतो. त्यातून गावांसाठी गोरिला-निधी म्हणून १० डॉलर, शिवाय उद्यानाच्या प्रवेश शुल्काचा २० टक्के वाटा. याला लोकांचं संवर्धन म्हणायचं? आणि १९९१ साली ब्विंडीचं उद्यान झालं तेव्हा तिथल्या बात्वा आदिवासींना जंगलाबाहेर काढलं ते वेगळंच. त्यांच्या बाजूने घटनात्मक न्यायालयाचा निकाल यायला २०२१ उजाडलं.

हिशेबनीस:
बात्वांबद्दल वाद नाही. पण टक्केवारीवर अडू नका. रवांडाने २०१७ मध्ये परवाना ७५० वरून १५०० डॉलर केला आणि उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातला गावांचा वाटा ५ वरून १० टक्के. तरी कुरकुर आहेच, कारण पैसा शाळा, दवाखाने आणि रस्त्यांत जातो. त्याचा फायदा सगळ्यांना. बटाटा मात्र जातो जंगलाला लागून असलेल्या शेताचा. जंगलात फास लावणारे बहुतेकदा याच पट्ट्यातले गरीब. फास असतो हरणासाठी किंवा रानडुकरासाठी, पण त्यात गोरिलाच्या पिल्लाचा हात अडकतो.

बांधावरून:
दोघेही पैशावरच बोलताय. मूळ दुखणं पर्यटनाच्या पद्धतीतच आहे. कळप पर्यटकांना दाखवायचा तर आधी तो माणसाला सरावायला हवा. रोज त्याच्याजवळ जायचं, असं दोनेक वर्षं चालतं. एकदा भीती गेली की तोच कळप शेतात उतरतो. केळीचा घड राहू दे, खोडच फोडून आतला गाभा खातो. निलगिरीची सालही सोलतो. मग आरडाओरडा करून त्याला हुसकायचं काम गावकऱ्यांच्या 'ह्यूगो' नावाच्या पथकांकडे. न धावता ओळ धरायची, हळूहळू पुढे सरकायचं, सिल्व्हरबॅकची, म्हणजे चंदेरी पाठीच्या प्रौढ नराची, जंगलाकडची वाट मोकळी ठेवायची. वाट अडली की तो अंगावर येतो. पथकाला गमबूट, रेनकोट, जेवण मिळतं. पगार नाही!

ब्विंडीच्या कडेच्या नकुरिंगोला तर जंगल आणि शेतं यांच्यामध्ये सुमारे १२ किमी लांब, ३५० मीटर रुंद जमीन विकत घेऊन मोकळा पट्टा केला. पण पट्टा साफ ठेवला नाही तर झुडपं वाढतात, आणि कळपाला शेताच्या आणखी जवळ चारा मिळतो. त्यापेक्षा तिथे चहा लावा, तो गोरिला खात नाहीत.

आणि रोग? १९९६ मध्ये ब्विंडीत गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू दगावलं. बुजगावण्यावरच्या जुन्या कपड्यांतून ती आली असावी, असं मानतात. म्हणून तिथे गावातल्या माणसांची तपासणी आणि गोरिलांच्या विष्ठेचे नमुने ही दोन्ही कामं एकाच संस्थेने हाती घेतली. पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांची ती संस्था. हा खरा लोकसहभाग, परवान्याच्या पैशापेक्षा टिकाऊ.

कडेपठार:
टिकाऊ? २०२० च्या मार्चमध्ये पर्यटन थांबलं आणि जूनमध्ये नकुरिंगो कळपाचा सिल्व्हरबॅक रफिकी भाल्याने मारला गेला. शिकारी रानडुकराच्या मागे होता म्हणे. ११ वर्षांची शिक्षा झाली, पण त्याने जंगलालगतच्या गावांतली भूक गेली का?

पर्यटनाशिवाय चालणारं पाहायचं तर नायजेरियातले म्बे डोंगर पाहा. नऊ गावांनी मिळून संघटना केली, डोंगर आपल्याच हातात ठेवला, रक्षक गावातलेच. तिथल्या क्रॉस रिव्हर गोरिलांना माणसाला सरावूच देत नाहीत, कारण शिकारी अजून फिरतात. २०२० मध्ये जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यात पिल्लं दिसली.

हिशेबनीस:
दिसली, छान. पण ही उपजात एकूण तीनशेच्या आसपास, आणि रक्षकांचा खर्च बाहेरच्या संस्थेच्या मदतीवर. ती मदत आटली तर? ब्विंडीत निदान पर्यटक परत आले.

कडेपठार:
मग त्याच पर्यटकांच्या पैशातून ह्यूगोला रोजंदारी द्या. शाळेच्या भिंतीला रंग नंतर.

बांधावरून:
रोजंदारी सुरू झाली की पथकात नसलेला शेजारी कळप दिसला तरी हाक मारायचा नाही, 'त्यांचं काम आहे' म्हणेल. द्यायचीच तर माणशी नको, दर हंगामाला गावाच्या खात्यात एकरकमी द्या, आणि वाटणी गावसभेत सगळ्यांसमोर करा. पर्यटन बंद असतानाही चालेल इतकी शिल्लक आधी बाजूला काढून ठेवा.