मदत हवी आहे : सोलापुरात दारू सोडणाऱ्यांची कोणती मीटिंग धरावी?

पूर्वभागातली
दिरांसाठी विचारतेय. वय ४१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. एक आठवडा दिवसपाळी (८ ते ८), एक आठवडा रातपाळी. पगार दर शनिवारी, रोख. रोज देशीच्या तीन क्वार्टर. घरात आमची तेलुगू. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. परवा आपणहून म्हणाले, सोडायचीय. ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग कशी शोधायची? फी किती? आम्हाला आत बसता येतं का? शेजारच्या मावशी म्हणतात, पंढरपूरला नेऊन माळ घाला.

केसपेपर
ताई, मीटिंगच्या आधी सिव्हिल. रोज तीन क्वार्टर म्हणजे अर्ध्या लिटरच्या वर. ती घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप, माणसं न ओळखणं सुरू झालं तर जिवावरचं आहे, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीला न्या. सकाळी केसपेपर काढून मानसोपचार विभाग गाठा. किती पितात तो आकडा खरा सांगा, लाजेनं 'थोडीशी' म्हटलं की गोळ्यांचा डोसही थोडासाच मिळतो.
गल्लीतल्या दवाखान्यात 'दोन सलाईन लावून मोकळं करतो' म्हणतात, तिथं जपून. आधी बी-वनचं (थायामिन) इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं तर अशा पेशंटच्या मेंदूला इजा होऊ शकते. सोडायच्या दिवसांत जेवणही धड नसतं, म्हणून हे जास्त.

सातरस्ता
आता मीटिंग. ए.ए. भारताच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे यादी असते, पण यादीवर विसंबून रिक्षा करू नका. जागा बदलतात, शाळेला सुट्टी लागली की वर्ग बंद असतो. आधी फोन करून इतकं विचारा : वार आणि वेळ, मीटिंग खुली की बंद, बोलणं मराठीत की हिंदीत, आणि नवा माणूस आला तर दारात कोण भेटेल. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. नवखा माणूस फाटकापर्यंत येतो, आत आठ-दहा खुर्च्या आणि अनोळखी चेहरे दिसले की तिथूनच माघारी फिरतो.
फी नाही, नावनोंदणी नाही, हजेरीचा दाखला नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात दहा रुपये टाका नाहीतर पुढं सरकवा, कोणी बघत नाही. प्रवेश फी किंवा पॅकेज सांगणारी जागा ए.ए. नव्हे. अट एकच, दारू सोडायची इच्छा.
बंद मीटिंगला फक्त ते स्वतः. खुल्या मीटिंगला तुम्ही बसू शकता, पण मागच्या खुर्चीवर, गप्प.

पूर्वभागातली
पाळीचं काय करायचं? संध्याकाळी सातची मीटिंग असेल तर दिवसपाळीच्या आठवड्यात जमायचंच नाही.

सातरस्ता
म्हणूनच एका मीटिंगवर राहू नका. तीन ठरवा : रविवारची एक, रातपाळीच्या आठवड्यात कामावर जाण्याआधीची एक, आणि दिवसपाळीत रात्री नऊनंतरची ऑनलाइन. नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंग करायला सांगतात. मागावरच्या माणसाला तेवढ्या जमत नाहीत. आठवड्याला तीन जमल्या तरी धरून ठेवा.
खरा नाजूक वार शनिवार. खिशात रोकड, अंग मोडलेलं, वाटेत दुकान. मालकाला सांगून पगार बँकेत किंवा जाऊबाईंच्या हातात घ्या, पण दिरांना विचारूनच, पाठीमागून नको. पाळी सुटली की दुसऱ्या रस्त्यानं घरी आणि फोनवर कुणीतरी जुना सभासद.
एकाच मीटिंगवरून 'आपल्याला नाही जमत' ठरवू नका. प्रत्येक गटाचा सूर वेगळा, पाच-सहा वेळा बसल्याशिवाय कळत नाही.

दोनभाषी
तेलुगूसाठी ऑनलाइन मीटिंग विचारा. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास चालतं, तेलुगूतही बोलता येतं. व्यसनाची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. वाचता येत नाही ही अडचण नाही, मीटिंग ऐकण्या-बोलण्याची असते. बारा पायऱ्यांतलं (ए.ए.चा दारू सोडण्याचा टप्प्याटप्प्याचा मार्ग) एखादं पान वाचायची पाळी आली तर 'पुढं द्या' म्हटलं की झालं.
माळ घालायची तर घाला की. ए.ए.त देव ज्याचा त्याचा, त्यात भांडण नाही. फक्त तलफ आली की रात्री साडेआठला माळेला फोन लावता येत नाही, स्पॉन्सरला, म्हणजे नव्याला सांभाळणाऱ्या जुन्या सभासदाला, लावता येतो. माळ तुटली की 'आता काय, तुटलीच' म्हणून चार दिवस पिणारेही असतात. मीटिंगमध्ये पिऊन घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन बसतो.

केसपेपर
राहिलंच. चहात चोरून 'दारू सोडायची गोळी' घालू नका, कोणी कितीही सांगू दे. ती डायसल्फिराम असते. त्यावर पिलं की तोंड लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो, जीवही जातो. ती डॉक्टरनं, पेशंटला सांगून, शेवटच्या घोटाला निदान १२ तास झाल्यावरच सुरू करायची. बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

पूर्वभागातली
हे बरं झालं विचारलं. एकानं तीच आणून दिलीये. आणि जाऊबाईंसाठी काही?

दोनभाषी
अल-अनॉन, दारुड्याच्या घरच्यांसाठीचा वेगळा गट. दीर आले नाहीत तरी त्यांनी जायचं. आणि पहिल्या दिवशी दिरांना सोडायला गेलात तर बाहेर चहाच्या गाड्यावर थांबा. तासा-दीड तासानं बाहेर आले की 'काय बोललात आत?' विचारू नका. 'पुढची कधी आहे?' एवढंच विचारा.