नोकरी सांभाळून मोडी लिपी शिकणे: आत्ता सुरुवात करावी की निवृत्तीनंतर?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये बँकेत नोकरीला आहे आणि निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे. आमच्या गावच्या घरी पणजोबांच्या वेळच्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, जपून ठेवलेला आहे. त्यात खरेदीखते, पत्रे आणि हिशेबाच्या वह्या आहेत आणि सगळे मोडीत आहे. एखाद्या जाणकाराकडून ते वाचून घेता येतील, पण ते मला स्वतः वाचता यावेत ही इच्छा कित्येक वर्षे मनात आहे. मुलीचे बारावीचे वर्ष आणि कामावरून घरी यायला होणारा उशीर यांमुळे दर वेळी हे पुढे ढकलले जाते. “या वयात हे शिकून उपयोग काय?” असे घरचे विचारतात, तेव्हा त्यांना पटेल असे उत्तर मला देता येत नाही. निवृत्तीची वाट पाहावी की आताच सुरुवात करावी? आणि सुरुवात नेमकी कशी करावी?

जुने कागद (उत्तर)

आताच सुरुवात करा. मोडी शिकायला मोकळे वर्ष लागत नाही, रोजचा अर्धा तास लागतो, आणि तो निवृत्तीनंतर आपोआप मिळतो असे नाही.

मुळाक्षरे आणि बाराखडी थोड्याच आठवड्यांत हाताखाली येतात. बहुतेकांचा छंद सुटतो तो त्यानंतर, पहिला खरा कागद समोर आल्यावर. मोडी लिहिताना ओळीची आडवी रेघ आधी ओढून घेत आणि अक्षरे तिला जोडत, शक्यतो लेखणी न उचलता, लिहीत जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांत ह्रस्व-दीर्घ पाळलेले नसते, आणि लिहिणाऱ्याचा हात घाईचा असेल तर एकाच कागदात एकच अक्षर तीन वळणांनी येते. त्यामुळे मोडीत अक्षर ओळखून शब्द लागतो त्यापेक्षा शब्द ओळखून अक्षर लागते असेच अधिक वेळा होते. त्यासाठी जुन्या पत्रव्यवहाराची भाषा कानात बसलेली असावी लागते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या संग्रहातील, निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात देवनागरीत छापले गेले. मोठ्या ग्रंथालयांत ते मिळतात. रोज त्यातले एक पत्र मोठ्याने वाचावे, मायने (पत्राच्या सुरुवातीचे ठरावीक संबोधन) आणि ठरावीक वाक्ये अंगवळणी पडू द्यावीत.

कागदांचा क्रम मात्र उलटा ठेवा. आधी इंग्रजी अमदानीतील दस्त घ्या, कारण त्यांचा मजकूर बराचसा साच्यातला असतो. त्यानंतर पेशवेकालीन पत्रे आणि सर्वांत शेवटी शिवकालीन. तुमच्या रुमालातील खरेदीखते या दृष्टीने फारच चांगली आहेत: गावाचे नाव, चतुःसीमा आणि पूर्वजांची नावे तुम्हाला आधीच माहीत आहेत, त्यामुळे तेवढी अक्षरे आपोआप हाती लागतील. एक खरेदीखत निवडून ते पूर्ण लिप्यंतरित करणे, एवढेच पहिले ध्येय ठेवा. आणि नुसते वाचू नका, कित्ता गिरवा. हाताला वळण कळले की डोळ्याला ते लवकर दिसते.

अजिंक्यतारा (उत्तर)

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि नोकरीत असतानाच मोडी शिकले, म्हणून वरच्या मताला मनापासून दुजोरा देते. बारीक, पुसट अक्षर वाचायला नजर चांगली लागते, आणि ती वयाबरोबर वाढत नाही.

उपयोगाच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तरही आहे. सन २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज किती आहे हे सर्वांना दिसले. तरीही तुम्ही घरी हे उत्तर देऊ नये असे मला वाटते. माणसाला आपल्या घरातला कागद वाचावासा वाटतो, एवढे कारण पुरेसे आहे, आणि ते संकोच न करता सांगावे. मुलगी अभ्यासाला बसते त्याच वेळी त्याच खोलीत तुम्हीही वही घेऊन बसा. घरच्यांना त्याची सवय लवकर होते.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, ती म्हणजे तारखांची. पेशवेकालीन कागदांवर बहुधा शुहूर सन, म्हणजे त्या काळी वापरात असलेली एक वर्षगणना, असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. “इहिदे सितैन मया व अलफ” म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून त्यात ५९९ मिळवले की जून १७६० निघतो, आणि पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई याच सनात झाली. हे संख्याशब्द पाढ्यांप्रमाणे पाठ करावेत, पुढे फार सोपे जाते.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. खरेदीखतापासूनच सुरुवात करतो. वर्ग लावणे आवश्यक आहे का? आणि काही कागद घडीवर फाटू लागले आहेत, ते लॅमिनेट करून घ्यावेत का?

जुने कागद

लॅमिनेशन कृपया करू नका. उष्णतेने कागदाला इजा होते आणि प्लास्टिक पुन्हा सुरक्षितपणे काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका, तिच्या गोंदाचा डाग कायमचा राहतो. घड्या हलक्या हाताने उलगडून कागद सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या आणि सराव त्या छायाचित्रांवरच करा. मूळ कागद सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा.

वर्ग जवळपास मिळाला तर जरूर लावा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहेत. वर्गाचा खरा फायदा अक्षरे शिकण्यात नसून अडलेला शब्द चार जणांसमोर ठेवता येण्यात आहे. तोपर्यंत अडलेल्या ओळीचे छायाचित्र येथे टाका, आपण मिळून लावू.