प्रतिसाद: मिक्सर बदलण्याआधी ओटा बघा
वर कुणीतरी म्हटलंय की मोबाइल अ‍ॅपवर मिक्सरचा आवाज ८८ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) दाखवतो, म्हणून नवाच घ्यावा म्हणतो. जरा थांबा! फोनचा आकडा काटेकोर नसतो. पण फोन तोच, जागा तीच, अंतर तेच ठेवलं तर आधीची-नंतरची तुलना बऱ्यापैकी जमते. मी एक मीटरवर स्टुलावर फोन ठेवतो आणि आधी पंखा बंद करतो. डेसिबलचं गणितही सरळ नाही: आकडा ३ ने उतरला तर ध्वनीची ऊर्जा निम्मी, पण आवाज कानाला निम्मा वाटायला तो साधारण १० ने उतरावा लागतो.

आमच्याकडे बराचसा गोंगाट ओट्याचाच होता. ग्रॅनाइटवर मिक्सर, शेजारी स्टीलच्या डब्यांची रांग. चटणी वाटायला घेतली की झाकणं थरथरायची. जुन्या योगा मॅटचा तुकडा खाली घातला, डबे हलवले, आकडा ८६ वरून ८१ वर आला. (बायकोच्या मते सगळं श्रेय डबे हलवण्याचं.) फक्त मॅटने मिक्सरच्या बुडाची हवेची भोकं झाकू नका, मोटर तापते. आणि भांडं बसवल्यावरच खडखडत असेल तर मॅटचा काही उपयोग नाही. कपलर (भांड्याचं पातं मोटरला जोडणारा तुकडा) झिजलाय का बघा, स्वस्तात मिळतो.