अलास्का क्रूझ: बाल्कनीच्या केबिनला जादा पैसे मोजावेत का?

जुळे_सोलापूरकर
सोलापुरात पारा ४३-४४ वर गेला की अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझची चौकशी सुरू होते, आणि एजंट पहिल्याच फोनवर विचारतो: इनसाइड (म्हणजे खिडकी नसलेली केबिन), खिडकी की बाल्कनी? भाड्यातला फरक माणशी असतो, केबिनमागे नाही, हे आधी लक्षात घ्या.

माझं मत असं की थंड हवेच्या क्रूझवर बाल्कनी घेऊ नये. जहाज १८-२० नॉट्सने चाललं की ताशी ३५ किलोमीटरचा वारा समोरून येतोच. अशा वाऱ्यात १० अंशांची हवा अंगाला ६ अंशांसारखी लागते आणि ५ अंशांची शून्यासारखी. वर दक्षिण-पूर्व अलास्का म्हणजे पावसाचं घर. आपल्याकडे पौषात १५ अंशांना स्वेटर निघतो. दार लावून काचेतूनच बघायचं असेल तर खिडकीची केबिन काय वाईट? वेगळं मत असेल त्यांनी कारणांसकट मांडावं.

होटगी_रोड
अण्णा, वाऱ्याचा हिशेब बरोबर आहे, पण तो मोकळ्या समुद्रातला. ज्या दिवसासाठी एवढे पैसे घालून जायचं, त्या दिवशी जहाज त्या वेगानं जातच नाही. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. आत शिरल्यावर वेग कमी होतो, आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज साधारण तासभर थांबून सावकाश वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या केबिनना ती दिसते.

बर्फाची ती भिंत पाण्यावर सुमारे २५० फूट उभी आहे. कडा तुटताना आधी दिसतो, आवाज नंतर येतो. अर्ध्या किलोमीटरवरून तो पोचायला दीड सेकंद लागतो, म्हणजे आवाज ऐकून मान वळवली तर निम्मं निघून गेलेलं असतं. भिंतीवर सतत नजर हवी. वरच्या डेकवर कठड्याला तीन-तीन रांगा लागतात, तिथे तासभर एका जागी उभं राहणं कठीण. बाल्कनीत कठडा आपला असतो. बोटं गारठली तर आत जाऊन पाच मिनिटांत परत. हे खिडकीतून जमत नाही, कारण ती उघडत नाही आणि बाहेरून खाऱ्या पाण्याचे डाग असतात.

सात_रस्ता
होटगी रोड, तुम्ही एका तासाचं सांगताय. बाकीच्या दिवसांचं काय? बाल्कनीतून एकच बाजू दिसते. कप्तानाच्या कक्षातून घोषणा होते, "दोन वाजताच्या दिशेला देवमासा." जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन. तुमची केबिन डावीकडे असेल तर संपलं. जोडे घालून, लिफ्टची वाट बघून वर येईपर्यंत हंपबॅक शेपूट दाखवून खाली गेलेला असतो आणि मग पाच-दहा मिनिटं वर येत नाही. उघड्या डेकवर असाल तर दहा पावलांत बाजू बदलता येते.

शिवाय बऱ्याच जहाजांवर पुढच्या बाजूला उंचावर काचेचा लाउंज असतो, तिथून समोर आणि दोन्ही बाजू दिसतात, आणि बसायला उबदार जागा मिळते. काही कंपन्या हिमनदीच्या दिवशी एरवी बंद असलेला नाकाकडचा डेकही उघडतात. हॉलंड अमेरिका कंपनीच्या जहाजांवर तर त्या वेळी तिथे गरम मटारचं सूप वाटतात. ग्लेशियर बेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरचं समालोचनही बाहेरच्या डेकवरच्या स्पीकरवर नीट ऐकू येतं.

आणि सातातले तीन दिवस केचिकन, जुनो, स्कॅग्वे या बंदरांत जातात. तेव्हा बाल्कनी रिकामीच. तोच पैसा जुनोच्या ऑक बेमधून निघणाऱ्या छोट्या बोटीवर घाला, देवमासा पाण्याच्या पातळीवरून बघायला मिळतो. किंवा स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे घ्या. सोन्याच्या शोधात धावणाऱ्यांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ती लाइन चढणीवर अशी वळणं घेते की बाल्कनीत बसून तसं काही दिसणार नाही.

बाळीवेस_ताई
सात रस्ता दादा, हे सगळं पायात ताकद असणाऱ्यांसाठी. इथून जाणाऱ्यांत निम्मे तरी निवृत्त असतात. गुडघे दुखतात, दर तासाला बाथरूम लागतं. त्यांना चार थर घालून दहा मजले वर पाठवायचं, आणि वर गेल्यावर खुर्ची नाही? बाल्कनीत दोन खुर्च्या असतात आणि बाथरूम चार पावलांवर.

दुसरं, जूनच्या शेवटी जुनोत अठरा तास उजेड असतो. पहाटे पाचला आणि रात्री नऊला डोंगर दिसत असतात, आणि त्या वेळी कुणी कपडे बदलून वर जात नाही. इनसाइडला तर दिवस की रात्र हेच कळत नाही.

खर्चाचा तोडगा सांगते. चौघांचं कुटुंब असेल तर एक बाल्कनी आणि समोरच्याच रांगेत एक इनसाइड घ्या. बाल्कनी चौघांनी वापरायची, झोपायला दोघं समोर. दोन बाल्कन्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. बुकिंग करताना दोन्ही केबिन नंबर स्वतः निवडा. "गॅरंटी" केबिन घेतली की नंबर कंपनी देते, मग एक पाचव्या मजल्यावर आणि एक नवव्यावर असं होऊ शकतं.

डेक_प्लॅन
वाद बाल्कनी हवी की नको असा चाललाय, पण कुठली बाल्कनी आणि कुठल्या मार्गावर, हे त्याहून महत्त्वाचं.

मार्ग आधी. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं इनसाइड पॅसेज या बेटांच्या आडच्या जलमार्गातून जातात, दोन्ही बाजूंना जमीन, पाणी शांत. अमेरिकेतल्या सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. जाता-येता त्या पट्ट्यात बाल्कनीतून लाटांशिवाय काही नाही, आणि वारा तो अण्णांनी सांगितलेलाच. सिएटल घेतलं म्हणून कॅनडाचा व्हिसा वाचतो असंही धरू नका. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे अशा फेरीत परक्या देशाचं बंदर घ्यावंच लागतं, ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं.

बाजू: एकमार्गी प्रवासात उत्तरेकडे जाताना किनारा उजवीकडे, दक्षिणेकडे येताना डावीकडे. जाऊन-येऊन असेल तर बाजूवर पैसे घालवू नका.

जागा: जहाजाचा मध्य, हलणं कमी. वर दुसऱ्या बाल्कनीचं छत आहे का ते डेक प्लॅनवर बघा. काही मजल्यांवर बाल्कन्या पुढे काढलेल्या असतात आणि अर्धा भाग उघडा राहतो, पावसात तो भाग वाया. बुफेच्या थेट खालचा मजला टाळा, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. "ऑब्स्ट्रक्टेड" लिहिलेलं असेल तर समोर लाइफबोट टांगलेली असते. मागच्या टोकाची बाल्कनी मला सगळ्यांत आवडते, कारण जहाजाच्या आडोशामुळे समोरचा वारा लागत नाही आणि दोन्ही किनारे मागे सरकताना दिसतात. मात्र इंजिनाची थरथर जाणवते.

जुळे_सोलापूरकर
ताईंचा वयाचा मुद्दा मान्य, आणि व्हँकुव्हर मार्गावर मध्यभागाची छत असलेली बाल्कनी घ्यायला माझी हरकत नाही. सिएटल फेरीला मात्र मी इनसाइडच सांगेन. ऑगस्ट संपता संपताही तसंच, पाऊस वाढतो. मे महिना त्या भागात त्यातल्या त्यात कोरडा.

चाटी_गल्ली
बाल्कनी घेणाऱ्यांसाठी कापडाचं. सोलापुरी चादर नेऊ नका. घरी तिच्यासारखी चादर नाही, पण ती सुती. दमट वाऱ्यात ओल धरते आणि केबिनमध्ये वाळत नाही. आत थर्मल, मग फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. हातमोजे बोटं उघडी ठेवता येणारे, नाहीतर फोन चालत नाही.

कॅमेरा गार हवेतून उबदार केबिनमध्ये एकदम आणला की भिंगावर दव धरतं. आत आणण्याआधी, बाहेरच, झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्ध्या तासाने उघडा. केबिनचं दार आणि बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडू नका. वारा आरपार जातो, दार इतक्या जोरात आपटतं की बोट चेपतं, टेबलावरचे कागद उडून समुद्रात. बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर बऱ्याच जहाजांवर केबिनचं हीटिंग आपोआप बंद पडतं. मग "हीटर चालत नाही" अशी तक्रार होते. चहासाठी इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, बहुतेक कंपन्या ती तपासणीत काढून ठेवतात. थर्मास न्या, बुफेवरून गरम पाणी भरून आणता येतं.

सात_रस्ता
थर्मास घेऊन वरच्या डेकवरही बसता येतं, ताई.

बाळीवेस_ताई
बसता येतं दादा, खुर्ची मिळाली तर. हिमनदीच्या दिवशी सकाळी सहाला जाऊन जागा धरणार असाल तर इनसाइड घ्या. नसाल तर त्या एका दिवसासाठी तरी बाल्कनी.