‘किरणोत्सर्गाची बाधा’ म्हणणं बरोबर आहे का?

बातम्यांत नेहमी येतं, ‘कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा’. भाचा तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला लागलाय आणि ताई विचारतेय की तो घरी आल्यावर तान्ह्या बाळाला जवळ घेऊ द्यायचं का. बाधा म्हटलं की साथच डोळ्यासमोर येते ना. जाणकारांनी सांगा.

ताईंना आधी सांगा की बाळाला खुशाल घेऊ द्या. गोंधळ शब्दाचाच आहे, पेपरवाले तीन वेगळ्या गोष्टींना एकच किरणोत्सर्ग लावतात. विश्वकोशात बघा, पदार्थ आपणहून किरण बाहेर टाकतो तो किरणोत्सर्ग, आणि रेडिएशनला तिथे प्रारण म्हटलंय. तिसरी गोष्ट म्हणजे तो पदार्थच अंगाला, कपड्याला चिकटणं नाहीतर श्वासावाटे आत जाणं, त्याला प्लांटवर सरळ कंटॅमिनेशन म्हणतात. गॅमा किरण अंगातून गेले तर त्या माणसाला इजा होऊ शकते पण त्याच्यापासून दुसऱ्याला काही लागत नाही, एक्स-रे काढून आलेल्याजवळ आपण बसतोच की. चिकटलेली धूळ मात्र घरापर्यंत येऊ शकते, म्हणून तर कामाचे कपडे आतच ठेवायचे आणि बाहेर पडताना हात-पाय मशीनवर तपासून घ्यायचे, त्यात घाईगडबड अजिबात नको. छातीवरच्या टीएलडी बॅजमध्ये, म्हणजे डोस (अंगावर किती प्रारण आलं ते) मोजणाऱ्या बिल्ल्यात, कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्या नंतर तापवल्या की जेवढं प्रारण झेललं तेवढा उजेड देतात, पण पोटात गेलेलं ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) त्यात दिसत नाही, जड पाण्याच्या अणुभट्टीवर त्यासाठी लघवी तपासतात.

वरच्याशी सहमत. मला ‘सुरक्षित मर्यादा’ हा शब्दही खटकतो. आपल्याकडे कामगारासाठी ५ वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. ही कमाल मर्यादा झाली, तिच्या आत राहूनही डोस जमेल तितका कमीच ठेवायचा असा नियम आहे. ‘सुरक्षित’ लिहिलं की १९ पर्यंत बिनधास्त असं वाटायला लागतं, आणि कंत्राटी पोरांना हे कुणी बसवून समजावतंच असं नाही, ते समजावायलाच हवं. भाच्याला म्हणावं बॅज लॉकरमध्ये ठेवून आत जाऊ नकोस आणि आपला डोस किती झाला ते मागून घे, ती नोंद बघायचा त्याला हक्क आहे.